आईची केनियाची परवानगी

आमच्याकडं मेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. "तब्येत बरी नाही, निघा," एवढंच म्हणतात. माणूस धावतपळत निघतो, वाटेत देवाला नवस बोलतो, आणि गावात शिरताना पारावरच्या माणसांनी माना खाली घातल्या की त्याला कळायचं ते कळतं. माझे वडील गेले तेव्हा मी शिकवते त्या शाळेत मला फोन आला, "अण्णांना चक्कर आली, सलाईन लावलंय." मी बीडच्या स्टँडवरून सफरचंदं घेतली आणि घरी पोचले तर दारात तिरडी बांधून तयार. त्या सफरचंदांची पिशवी हातात धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. त्या दिवसापासून मला या रीतीचा संताप आहे.

जशी सांगायची रीत, तशीच विचारायचीही. फोन करणाऱ्याला "गेला का?" असं सरळ विचारत नाहीत. आपल्याच माणसाबद्दल तसा शब्द तोंडातून काढणं म्हणजे अभद्र. विचारायचं, "कसं हाय?" आणि पलीकडच्यानं म्हणायचं, "हाय तसंच हाय, तुमी या." दोघांनाही समजलेलं असतं, आणि दोघंही ते बोलत नाहीत.

माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात पॅनवर होता. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं भलंमोठं भांडं. इकडं पगार वेळेवर होईना, म्हणून तो केनियातल्या एका कारखान्यात गेला. आमच्या भागातले बरेच जण असे आफ्रिकेत साखर काढायला गेलेले आहेत. बायकोला आणि आईला तो नेकनूरजवळच्या आमच्या गावातच ठेवून गेला. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि आईला तिथली लाल माती दाखवायचा. आई म्हणायची, "माती काय दाखवतूस, तोंड दाखव."

आईला एकदा तिकडं न्यायचंच, हा त्याचा हट्ट होता. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं आईचा आणि माझा पासपोर्ट काढून घेतला. आईची जन्मतारीख एक जून. वडिलांचीही एक जून. आमच्याकडं त्या पिढीतली निम्मी माणसं मास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेली आहेत. "केनियाला आता व्हिसाची भानगड न्हाई, आई," तो सांगायचा. "निसती ऑनलाइन परवानगी लागती. हितं बसून फॉर्म भरायचा, दोनतीन दिवसांत येती." आई म्हणायची, "एवढी ज्वारी निघू दे, मग बघू."

ज्वारी निसवायला, कणसं बाहेर पडायला लागली होती, तेव्हा फोन आला. त्याच्या खोलीतला सोबती वडवणीकडचा होता. आम्ही त्याला वडवणीवालाच म्हणायचो. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. तो म्हणाला, "ताई, त्याला मलेरिया झालाय. डोक्यात गेलाय म्हनतेत डॉक्टर. किडन्या बी काम करंनात. तुमी आईला घेऊन लवकर निघा."

मी थोरल्या काकांना फोन लावला. काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, बरीच वर्षं सोसायटीचे चेअरमन होते. गावात कुणी गेलं की तिरडीपासून दहाव्यापर्यंतचा सगळा कारभार आपोआप त्यांच्या हातात जातो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. आईला कळू देऊ नको. मी आलो घरी."

मी पोचले तर अंगणात सतरंजी पडलेली होती आणि भावकीतली माणसं बसलेली होती. काकांनी सगळ्यांसमोर वडवणीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कसं हाय?"

"हाय तसंच हाय, काका. तुमी कुणाला तरी लवकर पाठवा."

काकांनी फोन खाली ठेवला आणि खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. अंगणातल्या माणसांनी एकदम माना खाली घातल्या. मलाही दुसरं काही सुचलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पदर कोंबला, कारण आत आई होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. घरात चूल पेटली नाही. शेजारणी भाकरी-पिठलं आणून द्यायच्या आणि झाकून ठेवून जायच्या. आईला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती येईल त्याला विचारत होती, "माझं लेकरू बरं हाय का?" येणारा म्हणायचा, "हाय की, दवाखान्यात हाय." मग तिनं विचारायचंच सोडलं. वहिनीलाही कुणी सांगितलं नव्हतं. पण बाया तिच्याशी बोलताना तोंडाकडं न बघता कपाळाकडं बघायच्या. एकदा ती मला म्हणाली, "ताई, ह्या बाया माझं कुंकू कावून बघायल्यात?" मी उठून परसात गेले.

मी काकांना म्हणाले होते, "परवानगीचा फॉर्म भरून टाकते, आईचा नि माझा. पासपोर्ट आहेत. आम्ही जातो."

"कावून? जाऊन काय करतीस आता?" काका म्हणाले. "आता तिकडून हिकडं आणायचं बघायचंय. म्हातारीला कशाला विमानात घालतीस? तितं आपलं कोन हाय?"

मला ते पटलं असं नाही. पण मेलेल्या माणसाला भेटायला कुणी परवानगी काढत नाही, हेही खरंच होतं. काका दोन माणसं घेऊन बीडला पुढाऱ्याकडं गेले. तिथून कुठल्या खात्याला पत्र जाईल, मग दूतावास, मग विमानानं पेटी, अशी सगळी चौकशी करून आले. त्याला आमच्याकडं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. पुढाऱ्याच्या माणसानं मृत्यूचा दाखला मागितला. "तो तिकडून मिळंल," असं सांगून काका परत आले. पण तो दाखला मागायला वडवणीवाल्याला फोन कुणी करायचा? काकांनी चुलतभावाकडं बघितलं, चुलतभावानं माझ्याकडं. दाखला मागायचा म्हणजे तो शब्द उच्चारायचा. घरात आई बसलेली असताना तो उच्चारायची कुणाचीच छाती झाली नाही. रोज संध्याकाळी काका तेवढं विचारायचे, "कसं हाय?" आणि तो रोज सांगायचा, "तसंच हाय काका, कोन निघालंय का?" त्याच्या आवाजात राग यायला लागला होता. तो दुःखाचा असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग एका दुपारी त्यानं काकांना सोडून मला व्हिडिओ कॉल लावला. मी अंगणातच होते. फोन उचलला तर पडद्यावर माझा भाऊ.

नाकात नळी, ओठ फुटलेले, तोंड पिवळं पडलेलं. डोळे उघडे होते. त्यानं मला ओळखलं.

"ताई," तो म्हणाला. "आई निघाली का?"

मी म्हणाले, "निघाली." दुसरं काय म्हणणार होते?

"मला कालपासनं वाटायलंय, आली आसंल," तो म्हणाला. "बाहीर बसली आसंल."

आई आतून कशी आली मला कळलं नाही. तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि त्या काचेवरून हात फिरवायला लागली. "आले रे लेकरा, आले, निघालेच बघ," ती म्हणत होती. त्या हात फिरवण्यानं कॉल बंद पडला. वहिनीनं जाऊन गॅस पेटवला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. अंगणात बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दोघातिघांनी तर हसून मला टाळी दिली. मलाही हसू येत होतं, हे मी नाकारत नाही. भाऊ जिवंत होता. तो रोज आईची वाट बघत पडला होता आणि आम्ही इथं त्याच्यासाठी पेटीची चौकशी करत होतो.

काकांनी वडवणीवाल्याला फोन लावला आणि त्याच्यावरच खेकसले. "बे, मग जित्ता हाय म्हनून आदी सांगायचं न्हाई का तू?"

"काका, मी पैल्या दिवसापासून तेच सांगायलोय," तो म्हणाला. "आजारी हाय म्हनलं. निघा म्हनलं. पाठवा म्हनलं. आनखी काय सांगू?"

काकांनी फोन कट केला. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. माणूस वाईट नाही, पण त्यांना मरणाचा कारभार करता येतो, आजाराचा येत नाही.

आम्ही लगेच नेकनूरला ऑनलाइनच्या दुकानात गेलो. शुक्रवार होता आणि दिवस कललेला. दुकानवाला पीकविमा, जातीचे दाखले, भरतीचे अर्ज भरून देतो. केनियाचा अर्ज त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण माणूस भला. रांगेतल्यांना म्हणाला, "थांबा जरा, हितं लई अर्जंट हाय." मी इंग्रजी वाचून सांगत होते आणि तो भरत होता. ईमेल त्यानं सवयीनं दुकानाचाच टाकला.

फोटो काढताना घोडं अडलं. चेहरा पूर्ण दिसायला हवा, कान दिसायला हवेत. आईचा पदर डोक्यावर, कारण दुकानात काका उभे होते आणि थोरल्या दिरासमोर तिनं पदर कधी खाली घेतलेला नाही. दुकानवाला म्हणाला, "काकू, पदर जरा मागं." आई हलेना. शेवटी मी काकांना म्हणाले, "बाहेर जाऊन उभे राहा. तेवढं तरी करा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले. ते निमूट गेले, आणि आईनं पदर खाली घेतला.

"तिथं कुणाकडं राहणार," अर्ज विचारत होता. वडवणीवाल्याची खोली टाकली. "व्यवसाय": शेती. "कधी गुन्हा केलाय का," हे मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हे कोन इचारतंय?"

"सरकार. तिकडचं."

"त्याला सांग, माझं लेकरू हाय तितं."

मग आली परतीची तारीख. ती टाकल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. बीडच्या तिकीटवाल्यानं जाण्यायेण्याचं बुकिंग धरून ठेवलं होतं. परवानगी नसेल तर विमानवाले बसूच देणार नाहीत, असंही त्यानं बजावलं होतं. येताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसला तर इकडं अडवून ठेवतात, तेही तो बोलला. मी म्हणाले, अडवू द्या. पण आईला परतीची तारीख काही पटेना.

"परतीचं आताच कसं सांगू?" ती म्हणाली. "त्याला बरं वाटल्यावर येईन, आसं ल्ही."

दुकानवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी खूण केली आणि त्यानं बुकिंगवरची तारीख टाकली. पैसे भरले, अर्ज गेला. खाली लिहिलेलं होतं की निर्णयाला कामाचे तीन दिवस लागू शकतात. शनिवार-रविवार कामाचे नव्हते. एकदोन ठिकाणी फोन लावून बघितले, ईमेल धाडला, पण त्यांची रीत त्यांना होती आणि तिच्यात वाकडं काही नव्हतं. आमचेच आठवड्यातले सगळे कामाचे दिवस आम्ही अंगणात बसून घालवले होते.

आईनं धपाटे केले. शेंगदाण्याची चटणी कुटली. दोन लुगडी, स्वेटर आणि ते सगळं एका पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली. मी फोनवर अर्जाची स्थिती बघत होते, प्रक्रिया चालू आहे, प्रक्रिया चालू आहे. आई विचारायची, "व्हय म्हनले का?" मी म्हणायचे, "अजून नाही." रविवारी पुन्हा व्हिडिओ कॉल लागला, पण भाऊ झोपेत होता. आई नुसती त्याच्याकडं बघत बसली. तो झोपेत नव्हता, शुद्धीत नव्हता, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार.

सोमवारी सकाळी वडवणीवाल्याचा फोन आला. तो रडत होता. मी दाराबाहेर गेले. तो म्हणाला, "ताई, ह्या बारीला मी सरळच सांगतो. तो गेला. आत्ता पहाटं गेला."

मला एवढं सरळ आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला "बरं केलंस" म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

अंगणातल्या काकांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं आणि हातानं खुणावलं, आईला आत्ताच नको. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. आत गेले, आईसमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आई, तो गेला. आपण पोचलो नाही."

वहिनीनं हंबरडा फोडला. आई रडली नाही. तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतले.

"मागं बी तुमी आसंच केलतं," ती म्हणाली. "तवा बी सगळे माना घालून बसले व्हते. तवा बी चूल न्हाई पेटली. मग बोलला का न्हाई तो?"

"आई, या वेळी खरंय."

"तुमाला काय कळतंय," ती म्हणाली. "मी डोळ्यानं बघीन."

पुन्हा सतरंजी पडली, पुन्हा तीच माणसं आली. आता खरी बसायला आली होती, तरी आधीच्या वेळेपेक्षा चुळबूळ जास्त होती. एकजण मला हळूच विचारून गेला, "नक्की ना ताई?" आई दाराशी पिशवीजवळ बसून होती.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइनच्या दुकानवाल्याची मोटारसायकल दारात थांबली. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. ईमेल दुकानाचा, त्यामुळं मंजुरी त्याच्याकडं आली होती. त्यानं ती छापून, लॅमिनेशन करून आणली होती. आमच्याकडं रेशनकार्डापासून कुंडलीपर्यंत सगळं लॅमिनेशन करायची पद्धत आहे. तो अंगणातल्या माणसांमधून वाट काढत हसतच आला. "काकू, आली बगा परवानगी. केनियानं व्हय म्हनलं." मग त्याला वहिनीचं मोकळं कपाळ दिसलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. बिचारा कागद परत खिशात घालायला बघत होता. आई उठली आणि तिनं तो त्याच्या हातून घेतला. आपला फोटो बघितला, डोक्यावर पदर नसलेला. मग घडी न घालता येणारा तो कागद तिनं पिशवीत चटणीच्या डब्याशेजारी उभा ठेवला.

त्याला इकडं आणायला बरेच दिवस गेले. पुढाऱ्याचं पत्र, काकांनी केलेली चौकशी, सगळं आता उपयोगी पडलं. काका या कामात हुशार, हे मला मान्य करावं लागलं. पेटी मुंबईला येणार होती आणि ती आणायला काका, चुलतभाऊ आणि मी जाणार होतो. आई म्हणाली, "मी बी." बायकांनी समजावलं, काकांनी समजावलं. ती पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. धपाट्यांना वास यायला लागला होता. ते काढून टाकू का म्हटलं तर तिनं पिशवी मांडीवर घेतली. बीडअलीकडचं पाली गाव मागं पडल्यावर मी तिला पुन्हा एकदा सगळं सांगितलं, एकेक शब्द. तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. मग विचारलं, "इमान किती वाजता हाय?"

विमानतळावर माल उतरतो ती बाजू वेगळी असते. तिथं आंब्याच्या पेट्या, यंत्रं, खोकी येतात आणि माणसंही येतात, अशी. ट्रक उभे होते. काका आणि चुलतभाऊ कागदं घेऊन आत गेले. आई आणि मी लोखंडी फाटकाजवळ उभ्या होतो. खूप वेळ गेला. मग आतून हाक आली आणि मी आईचा दंड धरला. फाटकावरच्या शिपायानं हात आडवा केला.

आईनं पिशवीत हात घालून तो लॅमिनेशन केलेला कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला. "मला परवानगी हाय," ती म्हणाली. "तिकडच्या सरकारनं दिलीय. माझं लेकरू हाय तितं."

शिपायानं कागद वाचला. माझ्याकडं बघितलं. मग तो दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"आजी, इथं याची गरज नाही," तो म्हणाला, आणि त्यानं फाटक उघडलं.